लॅमिनेट केलेली पदवी

आष्टीत कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवणारे आपले एक वाचक गेल्या महिन्यात तळेगावच्या फाट्यावर भेटले. बगलेत जाडजूड फाईल. नागपूर विद्यापीठाचं इंग्रजीतलं एम.ए., बी.एड., सेट आणि नुकतंच हाती आलेलं दुसरं एम.ए., शिक्षणशास्त्राचं. "सर, बाहेरदेशी जायचं पाहून राहिलो. आता काय करू, पीएच.डी.?"

माझं लक्ष पदवीवर होतं. पावसापाण्यात खराब होऊ नये म्हणून त्यांनी ती जाड प्लास्टिकमध्ये लॅमिनेट करून घेतली होती. परदेशात पदवी चालवायची तर तिच्या पाठीवर आधी राज्य शासनाचा शिक्का लागतो, मग परराष्ट्र मंत्रालयाचा. प्लास्टिकवर तो उमटत नाही.

आपल्याकडे इंग्रजीचा शिक्षक अडला की आणखी एक पदवी घेतो. पगारवाढीच्या हिशेबात ते ठीक. बाहेर मात्र पहिला प्रश्न पासपोर्टचा असतो, दुसरा शिकवण्याच्या परवान्याचा. दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवायचा व्हिसा एरवी अमेरिका, ब्रिटन धरून सातच देशांच्या नागरिकांना मिळे. २०१० पासून अमलात असलेल्या भारत-कोरिया करारानं आपल्या शिक्षकांना तिथल्या शाळांत सहायक म्हणून जायची वाट केली. तिथेही पदवीसोबत शिक्षक असल्याचा दाखला हवाच. आखातातल्या सीबीएसई शाळांतही बी.एड. आधी विचारतात, दुसरं एम.ए. नंतर. इंग्लंडची गंमत वेगळीच. फेब्रुवारी २०२३ पासून भारतीय शिक्षकांना तिथल्या पात्रतेसाठी थेट अर्ज करता येतो, पण गणित, विज्ञान किंवा परकीय भाषा शिकवणाऱ्यांनाच. इंग्रजीवाला दारातच थांबतो. फुलब्राइटची भाषा-शिक्षक योजना तर आपल्या तरुण इंग्रजी शिक्षकांना अमेरिकेत नेते आणि वर्गात उभं करते हिंदी शिकवायला!

तेव्हा पुढची पदवी घ्यायचीच असेल तर ती इंग्रजी शिकवण्याची घ्या, साहित्याची आणि शिक्षणशास्त्राची पुरे झाली. हैदराबादची इफ्लू ही इंग्रजी आणि परकीय भाषांची संस्था १९५८ मध्ये निघाली तीच मुळी इंग्रजी शिक्षकांना तयार करायला. नोकरी सांभाळून करता येतील असे तिचे दूरस्थ अभ्यासक्रम आहेत. केंब्रिजचा सेल्टा खर्चिक आहे, पण त्याचं गणित समजून घेण्यासारखं आहे: सुमारे १२० तासांचा अभ्यासक्रम, त्यात ६ तास खऱ्या विद्यार्थ्यांसमोर शिकवायचं आणि प्रशिक्षकानं मागे बसून ते पाहायचं. सहाच तास! आपल्या दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये शाळेतला अनुभव वीस आठवड्यांचा धरलेला आहे. त्यातले किती आठवडे वर्गात गेले आणि किती पाठटाचणाच्या वहीत, हे ज्याचं त्याला माहीत. माझे बरेचसे वहीतच गेले. पुढे एका मुलाखतीत नमुना पाठ घ्यायला उभा राहिलो, तेव्हा घशाला कोरड पडली ती त्यामुळेच.

१९३७ मध्ये याच वर्धा जिल्ह्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली होती. तिथून निघालेल्या नई तालीमच्या सात वर्षांच्या आराखड्यात इंग्रजीला जागाच नव्हती. आज त्याच जिल्ह्यातला मास्तर जगाला इंग्रजी शिकवायला निघतो आहे. गांधीजींना हे रुचलं असतं की नाही कोण जाणे. पण हातानं केल्याशिवाय विद्या येत नाही, हे त्यांचं म्हणणं सेल्टावाल्यांनी बरोबर उचललं आहे.

आष्टीच्या सरांनी दुबार पदवीसाठी विद्यापीठाकडे अर्ज टाकला आहे. पीएच.डी. तूर्त बाजूला. आठवड्यातून एकदा त्यांचा भूगोलवाला सहकारी घड्याळ नि वही घेऊन त्यांच्या तासाला शेवटच्या बाकावर बसतो. पहिल्या तासाची नोंद त्यांनी मला फोनवर वाचून दाखवली: तास ४० मिनिटांचा, सर बोलले ३३ मिनिटं, मुलांनी इंग्रजीत उच्चारलेली वाक्यं दोन. त्यातलं एक 'येस सर'.