मोजणीतले जंगल

किमान एक हेक्टर जमिनीवर दहा टक्के झाडांचे छत्र असले, की भारतीय वन सर्वेक्षणाच्या लेखी ते वनाच्छादन. मग ती आमराई असो वा निलगिरीची लागवड. भीमाशंकरच्या रानात हिरडा, जांभूळ, अंजनी, वेली, कुजती खोडे, बुरशी असा सारा संसार एकत्र नांदतो. शेकरू तिथे जमिनीवर न उतरता फांद्यांवरून हिंडते. एका वयाच्या सागाच्या रांगांत त्याने जगायचे कशावर? पुण्याच्या टेकड्यांवर तर उपऱ्या गिरिपुष्पाची दाटी झाली. (हिरवे दिसते, हे मान्य!) २०१९ साली राज्याने ३३ कोटी रोपांचा संकल्प सोडला. अशा आकड्यांशेजारी पाच वर्षांनी किती झाडे जगली आणि कोणत्या जातींची, हेही वनखात्याने छापावे.