मुलांची सुटी आणि आपली जबाबदारी

या स्मरणिकेसाठी इयत्ता पाचवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांकडून लेखन मागविण्यात आले होते. विषय साधा होता : सुटीत काय केले, काय घडविले आणि कोणाच्या साथीने. संपादक मंडळाने ते कागद वाचावयास आमच्याकडे दिले. पहिले वीस-पंचवीस वाचून आम्ही निराश झालो. सर्वांची सुटी एकाच साच्यातून काढलेली. पहाटेचे अभ्यंगस्नान, फराळाचे ताट, मामाचा गाव, आमराईतले आंबे, नदीत मनसोक्त डुंबणे. दिवाळीत आंबे कोठून आले, आणि बहुतेक वर्षे दिवाळीनंतर कोरडी पडणाऱ्या आपल्या माणगंगेत ही मुले डुंबली कोठे, हे विचारण्याचीही सोय नव्हती. निबंधांच्या छापील पुस्तकातून उतरलेली ती सुटी होती. ज्या घरांनी १९५६ नंतर जुने विधी निष्ठेने सोडले, त्या घरांतील मुलांच्या वहीतही अभ्यंगस्नान आलेच होते!

दोष मुलांचा नाही. आपली खरी सुटी कागदावर मांडण्याच्या योग्यतेची नाही, हे त्यांना कोणी तोंडाने सांगितले नसले तरी शाळेत वावरताना ते त्यांना समजले आहे. म्हणून आम्ही ते कागद बाजूला ठेवले आणि आपल्याच जिल्ह्यातील एका सुटीची हकीकत वर्गावर्गात वाचून दाखविली.

सन १९०१. उन्हाळ्याची सुटी. सुभेदार रामजी सकपाळ तेव्हा खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे रोखपाल होते. दुष्काळाने उपाशी मरणाऱ्या लोकांना काम मिळावे म्हणून मुंबई सरकारने तेथे तलाव खोदण्याचे काम काढले होते. भीमाबाईंचे आधीच निधन झालेले. साताऱ्यात राहणारा भिवा, त्याचा थोरला भाऊ आणि थोरल्या बहिणीचे दोन मुलगे, अशी चार मुले वडिलांकडे सुटी घालविण्यास निघाली. नवे सदरे, झगमगत्या टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे, असा सारा थाट. मसूर स्थानकावर उतरल्यावर पाहतात तो न्यावयास कोणीच आलेले नाही. मुलांचे पत्र वडिलांपर्यंत पोहोचलेच नव्हते. स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली आणि जात कळताच तो पालटला. एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे द्यावयाचे, बैल मुलांनीच हाकावयाचे आणि गाडीवानाने पायी चालावयाचे, या अटीवर गाडी मिळाली. सोबत जेवण होते, पण कोणी पाणी देईना, म्हणून मुले उपाशी राहिली.

हा प्रसंग समाजबांधवांनी अनेक व्याख्यानांतून ऐकलेला आहे, आणि अस्पृश्यतेचा दाखला म्हणूनच ऐकलेला आहे. तो दाखला आहेच. परंतु मुलांसमोर वाचताना आम्हांस त्यातील दुसरी एक गोष्ट अधिक जाणवली. रात्री टोलनाक्यापाशी, टेकडीच्या पायथ्याला गाडी सोडल्यावर त्या थोरल्या भावाने सुचविले की, चौघांनी एकदम झोपणे बरे नव्हे. दोघांनी झोपावे, दोघांनी जागे राहावे, मग पाळी बदलावी. नऊ-दहा वर्षांचा भिवा त्या पहाऱ्यात होता. 'सांघिक कार्य' हा शब्द आज प्रत्येक शाळेच्या माहितीपत्रकात असतो. त्याचा याहून नेमका पाठ आम्हांस इतिहासाच्या कोणत्याही क्रमिक पुस्तकात आढळलेला नाही. आणि बाबासाहेबांनी प्रौढपणी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात तो सांगितला, तो कसा? मुलांना झालेला नव्या कपड्यांचा आनंद न लपविता, आणि नंतरचा अपमानही न लपविता. सुटीवरचा निबंध असावा तर असा.

ही हकीकत वाचून दाखविल्यावर मुलांना पुन्हा लिहावयास सांगितले. दुसऱ्या खेपेचे कागद निराळे होते.

आठवीतल्या एका मुलीचे आईवडील दसऱ्यानंतर कृष्णाकाठच्या फडावर ऊसतोडीला जातात. तिने सुटीचे एकवीस दिवस तेथे काढले. आईबाप पहाटे अंधारात कोयता घेऊन बाहेर पडले की भाकरी, पाणी आणि धाकटा भाऊ ही तिची कामे. तिने गाडीच्या साट्याखाली जुन्या लुगड्याची झोळी बांधली. पण एका हाताने झोका देता देता दुसऱ्या हाताने काम होत नव्हते, म्हणून झोळीला दोरी लावून ती पायाच्या अंगठ्यात अडकविली आणि दोन्ही हातांनी वाढ्यांच्या पेंढ्या बांधल्या. एका मेंढपाळाच्या मुलाने रात्री वाघर कशी लावतात, कुत्री कोणत्या बाजूस बसवितात आणि माणसे राखणीची पाळी कशी ठरवितात ते सविस्तर लिहिले आहे. लांडग्याविषयी त्याने एकच वाक्य लिहिले, आणि तेही तक्रारीचे नव्हे. तिसऱ्याचे वडील दक्षिणेत सोने गाळण्याच्या दुकानात कामास आहेत. त्याने भट्टीचे आणि मुशीचे चित्र काढून खाली तमिळ शब्दांची यादी दिली आहे.

सर्जनशीलतेच्या नावाखाली आपण मुलांकडून काय करवून घेतो? दुकानातून रंगीत कार्डे, चकाकी, चिकटपट्टी आणावयाची, पालकांनी रात्री जागून 'प्रकल्प' बनवावयाचा आणि मुलाने तो सकाळी हातात धरून आणावयाचा. ज्याच्या पालकाला हे परवडत नाही तो वर्गात 'कल्पकता नाही' असा ठरतो. पायाच्या अंगठ्यात दोरी अडकविणाऱ्या मुलीला मात्र या सदरात आजवर एकही गुण मिळालेला नाही.

आपली संस्था धम्माच्या मार्गाने चालते, म्हणून येथे एक आठवण देणे अप्रस्तुत होणार नाही. आश्विन पौर्णिमेस वर्षावास संपतो. त्या दिवशीच्या प्रवारणेत प्रत्येक भिक्खू संघास विनवितो की, माझ्यात जे उणे पाहिले, ऐकले वा ज्याची शंका आली, ते मला सांगावे. तेथपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत कठिन चीवराचा महिना. विनयाप्रमाणे मिळालेले कापड भिक्खूंनी मिळून कापावयाचे, शिवावयाचे, रंगवावयाचे, आणि चीवर त्याच दिवसात पुरे करावयाचे. आता विहारांतून बहुधा तयार चीवरच अर्पण होते, ही सोय झाली. मूळ हेतू मात्र मागे पडला. त्या चीवराचा नमुनाही असाच घडलेला आहे. भगवंतांनी मगधातील बांधाबांधांनी आखलेली शेते दाखविली आणि आनंदांनी त्यावरून तुकड्यांची जुळणी बसविली. समोरची शेती पाहून वस्त्र सुचणे, याला आम्ही सर्जन म्हणतो. आपल्या दिवाळीच्या सुट्या नेमक्या याच महिन्यात येतात, हे मुलांना आपण कधी सांगितले आहे काय?

दिवाळीतल्या किल्ल्यांविषयी आपल्या काही कार्यकर्त्यांचे मत प्रतिकूल आहे. आम्हांस ते पटत नाही. मातीत हात घालून इतिहास रचणारे मूल आम्हांस प्रिय आहे. यंदा सहावीच्या मुलांनी वसतिगृहामागे रायगड न करता दहिवडीजवळचा महिमानगड केला, कारण तो ते स्वतः चढले होते. त्याच किल्ल्याविषयी एका मुलाने जे लिहिले ते मात्र आम्हांस अस्वस्थ करून गेले. माती आणि पाणी वाहून आणणारे तिघे पहिल्या दिवसापासून तेच होते. बुरूज रचणारे तेच. आणि शेवटी महाराजांचा पुतळा बसविण्याची वेळ आली तेव्हा माती वाहणाऱ्यांना 'हात धुऊन या' असे सांगण्यात आले. ते हात धुऊन येईपर्यंत पुतळा बसला होता. कोणीही मुद्दाम केले नाही, असेही त्याने प्रामाणिकपणे नोंदविले आहे.

मुद्दाम कोणीच करीत नाही! काम वाटून घेणे वेगळे आणि काम करणाऱ्यांनाच कायमचे वेगवेगळे करून टाकणे वेगळे, हा भेद बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन' या ग्रंथात उलगडून दाखविला. गावगाड्यातही सारे मिळूनच काम करीत. आटपाडीच्या शंकरराव खरातांचे 'तराळ-अंतराळ' वाचलेल्यास त्या 'मिळून'चा अर्थ सांगावा लागत नाही. म्हणून केवळ एकत्र राबणे म्हणजे सांघिकता नव्हे. पाळी बदलते की नाही, एवढेच पाहावे. झोपलेले उठतात आणि जागे असलेले झोपतात, तेव्हाच तो संघ.

आपल्या तालुक्याने याबाबत अभिमान वाटावा असेही काही केले आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात वॉटर कप स्पर्धेच्या पंचेचाळीस दिवसांत श्रमदान करून माणमधील टाकेवाडीने राज्यात पहिला क्रमांक मिळविला. शाळेला सुटी होती, त्यामुळे माणदेशाच्या कितीतरी गावांतील शिवारांत घमेली घेतलेली लहान मुले रांगेत उभी असलेली आपण सर्वांनी पाहिली. १९०१ साली याच दुष्काळी पट्ट्यात लोक मजुरीसाठी तलाव खोदीत होते. ११७ वर्षांनी त्यांची पतवंडे आपल्या इच्छेने चर खोदीत होती. हे अंतर थोडे नव्हे. अडलेले पाणी जमीन नसणाऱ्या घरापर्यंत कसे पोहोचेल, हा प्रश्न कोणा एका गावाचा नाही, पण तो सहावीच्या किल्ल्यासारखाच आहे, आणि आमच्या विद्यार्थ्यांनी तो विचारावा असे आम्हांस वाटते.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला तिच्याकडे वळतो. त्या मुलीच्या कल्पकतेचे कौतुक करताना आमची लेखणी अडखळली. कौतुकाच्या भरात आपण बालमजुरीला शाबासकी देऊन बसू, हे भय खरे आहे. २०१६ साली बालकामगार कायद्यात दुरुस्ती होऊन चौदा वर्षांखालील मुलास कामावर ठेवण्यास सर्वत्र बंदी आली. परंतु धोकादायक नसलेल्या कामात कुटुंबास शाळेच्या वेळेनंतर आणि सुट्यांत मदत करण्याची मोकळीक ठेवण्यात आली. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कदाचित किराणा दुकान असेल. आमच्या डोळ्यांसमोर फड येतो. मुकादमाची उचल घेतलेल्या जोडप्याला लेकराच्या दोन हातांची गरज सुटीपुरती लागते आणि सुटी संपल्यावरही लागते. शिक्षणहक्काचा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलास शाळेत बसण्याचा हक्क देतो, पण तो हक्क फडावर जाऊन मुलास उठवून आणीत नाही. शाळा उघडल्यावर पहिल्या सोमवारी हजेरी घेताना ज्या नावांपुढे 'उपस्थित' येत नाही, ती नावे कोणत्या वस्तीची असतात हे प्रत्येक वर्गशिक्षकास पाठ असते. काही मुले पंधरवड्याने येतात, काही मार्चमध्ये, काही येत नाहीत.

साताऱ्याच्या शाळेतील नोंदपुस्तकात भिवाचे नाव चढले तो दिवस ७ नोव्हेंबर १९००. महाराष्ट्र शासनाने २०१७ पासून तो 'विद्यार्थी दिवस' म्हणून साजरा करण्याचे ठरविले. पुष्कळ वर्षी हा दिवस दिवाळीच्या सुटीत तरी येतो, नाही तर शाळा उघडतानाच्या गडबडीत. प्रतिमापूजन होते, भाषण होते. आणि ज्यांच्यासाठी तो दिवस, त्यांतील काही विद्यार्थी त्या वेळी मोळ्या बांधीत असतात.

सुटीत वसतिगृहाला कुलूप लावण्याची प्रथा सोयीची आहे, न्यायाची नाही. घर असलेल्या मुलास ती सुटी असते. ज्याचे घरच हंगामासाठी पालात गेले आहे त्याला ती सक्तीची पाठवणी असते. शासनाच्या हंगामी वसतिगृहांच्या योजनेमागे हाच विचार आहे, परंतु ती योजना सर्वत्र सारखी पोहोचत नाही आणि तिची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह चालविले ते अनुदानाच्या भरवशावर नव्हे. त्यासाठी लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे दागिने गेले. आपल्यापैकी कोणाकडे आज दागिने मागण्याची वेळ आलेली नाही.

आमची सूचना माफक आहे. दिवाळीच्या सुटीत भोजनगृह आणि एक दालन चालू ठेवावे. ज्यांचे पालक फडावर, मेंढरांमागे वा परप्रांतात आहेत, त्यांना राहण्याची मुभा असावी. सक्ती नको, कारण आईला भेटण्याची ओढ आम्हांसही कळते, आणि चार दिवस जाऊन येणाऱ्यास भाडे संस्थेने द्यावे. या दिवसांत धडे नकोत. मुलांनी हस्तलिखित अंक काढावा. झाडणे, वाढणे, लिहिणे, चित्र काढणे या कामांची पाळी रोज बदलावी. तो अंक ७ नोव्हेंबरला प्रकाशित करावा आणि त्या दिवसाचे भाषण पाहुण्यांऐवजी मुलांनीच करावे.

माजी विद्यार्थ्यांपैकी कित्येकजण आज शिक्षक, परिचारिका, वाहक, अभियंता, तलाठी आहेत. सुटीत त्यांनी दोघा-दोघांनी मिळून दोन रात्री वसतिगृहात मुक्कामास यावे. जोड्या पुरेशा झाल्या तर सुटीतली एकही रात्र रिकामी राहणार नाही. पालकांपैकी ज्या भगिनींना स्वयंपाकात हातभार लावणे शक्य आहे, त्यांचे मानधन ठरविण्याविषयी व्यवस्थापनाशी आमचे बोलणे झाले आहे. दसऱ्याच्या आत नावे आली तर किराणा एकदम भरता येईल. नोंदवही कार्यालयात ठेवलेली आहे.