फुलोरा सरेपर्यंत बुडातल्या पानाला हात नको

हा अंक हाती पडेल तेव्हा निफाड-दिंडोरीतल्या बऱ्याच द्राक्षबागा पोपटी अवस्था ओलांडून फुलोऱ्यात येत असतील. तासगाव-पलूसकडे काही ठिकाणी डिपिंगची तयारी चालू असेल आणि बागलाणातल्या अर्ली बागांत मण्यात पाणी उतरले असेल. दरवर्षी या दिवसांत बागायतदारांकडून एकच प्रश्न सर्वांत जास्त येतो : काडीच्या बुडातली पाने आत्ता काढू का, थांबू? आमचे उत्तर स्पष्ट आहे. घड फुलोऱ्यात असेल तर थांबा.

प्रश्नामागची भीती खरी आहे, हे आधी मान्य करू. आभाळ भरून आले, पहाटे दव पडले, की गर्दी झालेल्या ओलांड्यावर पाने दुपारपर्यंत सुकत नाहीत. डाऊनी पानावर थांबली तर आवरता येते. घडावर उतरली तर हंगाम जातो. २०१९च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्याने हे भोगले आहे. त्या पावसात फुलोऱ्यातल्या आणि त्याच्या आगेमागे असलेल्या बागांत कूज आणि गळ इतकी झाली, की अनेकांनी फवारणीचा खर्चही सोडून दिला. तेव्हापासून ढग दिसले की खालची पाने ओरबाडायची, अशी सवयच पडून गेली आहे. हवा खेळली पाहिजे, औषध घडापर्यंत पोहोचले पाहिजे, हा हेतू रास्त आहे. वेळ मात्र चुकते, आणि तिची किंमत मण्याच्या सेटिंगमध्ये मोजावी लागते.

बुडातले पान म्हणजे जुने, म्हातारे, बिनकामाचे पान, हा समज आधी सोडू. द्राक्षाचे पान उमलल्यावर साधारण महिन्याभरात, फार तर चाळीस दिवसांत, अन्न तयार करण्याच्या पूर्ण ताकदीला येते. मग ती ताकद हळूहळू उतरते. आता छाटणीपासून दिवस मोजा. पेस्टिंगनंतर आठ-दहा दिवसांत पोंगा, त्यापुढे पाने उमलायला लागतात, आणि छाटणीनंतर ३५ ते ४० दिवसांत फुलोरा. म्हणजे टोप्या गळत असतात त्या दिवशी बुडातले तिसरे-चौथे पान पंचवीस-तीस दिवसांचे, ऐन भरातले असते. शेंड्याकडची कोवळी पाने अजून स्वतःच दुसऱ्याच्या अन्नावर वाढत असतात. पूर्ण आकाराच्या निम्म्यापर्यंत पोहोचेपर्यंत पान देण्यापेक्षा घेतेच जास्त. ज्याला आपण टाकाऊ समजून खुडतो, तेच त्या घडीला घर चालवत असते.

फुलोऱ्यातला घड अन्नाच्या ओढाओढीत दुबळा असतो. वाढता शेंडा त्याच्यावर सहज मात करतो. वरच्या पानांचे अन्न शेंड्याकडे जाते आणि घडाच्या वाट्याला मुख्यतः घडाखालच्या आणि घडासमोरच्या पानांचे येते. तीच काढली तर फुले सेट न होता गळतात. हे केवळ तर्काने म्हणत नाही. इटलीत पिआचेन्झा येथे स्तेफानो पोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुलोऱ्याआधी काडीच्या बुडातली सहा पाने मुद्दाम काढून पाहिली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात सेटिंग घटले, घड हलके आणि मोकळे झाले. त्यांना तेच हवे होते. वाइनच्या गच्च घडाच्या जातींत मणी एकमेकांना दाबून फुटतात आणि कुजतात, म्हणून त्यांनी हा उपाय शोधला. आपल्याकडे शिराझ किंवा सोव्हिन्यो ब्लाँ लावणाऱ्यांनी तो जरूर अभ्यासावा. थॉमसन, तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन यांच्या बागांत मात्र घड मोकळा करायला आपल्याकडे जीए आहे, थिनिंगची कात्री आहे. तिथे विरळणीसाठी पानाचा बळी द्यायचे कारण नाही. त्यातून आभाळ असेल तर ऊन आधीच कमी, अन्न आधीच तुटपुंजे. अशा वेळी पाने काढणे म्हणजे गळीला हातभार लावणे.

ही सवय आली कोठून, याचाही विचार केला पाहिजे. आम्हाला वाटते ती एप्रिलमधून आली. खरड छाटणीनंतर खालच्या डोळ्यांवर ऊन पडणे अत्यावश्यक असते. चाळीस ते साठ दिवसांच्या काळात डोळ्यात सूक्ष्म घडनिर्मिती होते आणि सावलीतला डोळा वांझ राहतो. म्हणून तिथे गर्दी मोडायची, सबकेन नीट बांधायची, बगलफुटी काढायच्या, हे सगळे बरोबर. पण ऑक्टोबरातली काडी आपण येत्या एप्रिलमध्ये खरडूनच टाकणार आहोत. तिच्या बुडातल्या डोळ्यांवर ऊन पडले काय, न पडले काय, पुढच्या पिकाशी त्याचा संबंध नाही. ऑक्टोबर छाटणीच्या या गोडी बहारात पानाकडे फक्त या घडाच्या हिशेबाने पाहायचे. एकाच वेलीच्या या दोन छाटण्यांची गणिते वेगळी आहेत आणि मजुरांना काम सांगताना ती हमखास एकमेकांत मिसळतात.

मग गर्दीचे काय करायचे? ती आधीच होऊ द्यायची नाही. फेलफूट तीन ते पाच पानांच्या अवस्थेत, घड दिसू लागताच काढा. तेव्हा फूट बोटानेही निघते, जखम लहान राहते आणि वेलीचा साठा वाया जात नाही. पंचवीस दिवसांनी कात्रीने काढलेली फेलफूट म्हणजे वेलीने दिलेले अन्न बांधावर टाकणे होय. बारक्या, वांझ काड्याही त्याच फेरीत जाऊ द्या. फुलोऱ्याच्या तोंडावर शेंडा चालत असेल तर तो खुडा, नत्र आणि पाणी आवरा. शेंडा थांबला की अन्न घडाकडे वळते आणि गळही सावरते. ढगाळ हवेत घाबरलेल्या हातांना काही करायचेच असेल तर ते हे करावे. पाने नंतर.

आणखी एक गोष्ट. गोडी बहारातल्या देठ परीक्षणासाठी पूर्ण फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाचा देठ लागतो. बुडे आधीच साफ केलेल्या बागेत हा नमुना मिळतच नाही. मग भलत्याच पानाचा देठ प्रयोगशाळेत जातो आणि पुढचे सगळे खत त्या चुकीच्या आकड्यांवर ठरते.

टोप्या गळून मणी ज्वारीएवढा झाला, गळ थांबली, की पहिली फेरी घ्या. घडाला घासणारी, ओलांड्याच्या आत दाबली गेलेली, घडाखालची दोन किंवा तीन पाने. त्यापेक्षा जास्त नकोत. घडासमोरचे पान राहू द्या. घडाच्या पुढे दहा-बारा निरोगी पाने उभी आहेत का, हे मोजूनच हात घाला. नसतील तर एकही पान काढू नका. दुसरी फेरी मणी हरभऱ्याएवढा झाल्यावर, गरज असेल तरच. तोवर बुडातले पान पन्नास दिवसांचे झालेले असते आणि त्याची कमाई खरोखर घटलेली असते.

मण्यात पाणी उतरायला लागल्यावर घड अचानक उघडा करू नये. सावलीत वाढलेल्या मण्याची साल उन्हाला सरावलेली नसते, दोन दुपारींत चट्टे पडतात. वाय पद्धतीत घड मांडवाखाली लोंबत असल्याने धोका कमी, पण दक्षिणेकडून आणि पश्चिमेकडून येणारे तिरपे ऊन ओळीच्या एका बाजूला लागतेच. त्या बाजूची पाने कमी काढा, सकाळच्या उन्हाची बाजू थोडी मोकळी केली तरी चालते. नाशिककडे डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत पिंक बेरीच्या भीतीने आपण घडाला कागद गुंडाळतो. नोव्हेंबरात पाने ओरबाडून डिसेंबरात कागदाला आणि मजुरीला पैसे घालायचे, हा उलटा व्यवहार टाळता येण्यासारखा आहे.

रोगट पान याला अपवाद आहे. डाऊनीचा तेलकट डाग पडलेले, खाली पांढरी बुरशी धरलेले पान फुलोऱ्यातही काढा, बागेबाहेर न्या, सरीत टाकू नका. पण रोगट पान काढणे आणि बूड साफ करणे ही दोन कामे आहेत.

शेवटी मजुरीविषयी. पेठ-सुरगाण्याहून येणाऱ्या टोळ्या एकरावर उक्ते काम घेतात. एकराचा दर ठरला की हात भरभर चालतो आणि पान पाहून काढायला वेळ उरत नाही. पाने काढण्याचे तेवढे काम रोजावर द्यावे, असे आमचे मत आहे. खर्च थोडा वाढेल. पहिल्या ओळीत मालकाने स्वतः उभे राहून दहा वेली करून दाखवाव्यात, कोणते पान का ठेवायचे ते सांगावे. टोळीतल्या बायका डिपिंग आणि थिनिंग वर्षानुवर्षे करतात, घड त्यांच्या हाताखालून जातो. कारण कळले तर चुकीचे पान त्या काढत नाहीत. फेरी झाल्यावर त्याच दिवशी संध्याकाळच्या आत जखमांवर बुरशीनाशकाचा हलका फवारा घ्यावा, आणि तो निवडताना काढणीपूर्व कालावधी पाहावा, कारण निर्यातीच्या बागेत त्याचा उर्वरित अंश शेवटी तपासला जाणार आहे.