मढ्याच्या टाळूवरचे लोणी

खुनी सापडला नाही, म्हणून वाटेल त्याला खुनी ठरवण्याचा मक्ता तुम्हाला कोणी दिला?

जुन्या, तडीस न गेलेल्या खुनांचा ‘छडा’ लावणाऱ्या हौशी शोधकांची एक टोळी महाराष्ट्रात माजली आहे. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीच्या चहाटपरीपासून पुण्यामुंबईच्या स्टुडिओपर्यंत तिचे लोक पसरले आहेत. हातात मोबाइल, मागे काळजाचा ठोका चुकवणारे संगीत, आणि जिभेला हाड नाही! वीस वर्षांपूर्वी, चाळीस वर्षांपूर्वी कोणाची तरी लेक, कोणाचा तरी बाप मारला गेला. यांना त्या मेलेल्या माणसाचे सोयर नाही, सुतक नाही. यांना हवी आहे संशयितांची यादी. आणि ती जितकी लांब, तितकी यांची करमणूक मोठी.

धंदा कसा चालतो ते जवळून पाहा. पिवळा पडलेला एखादा लग्नातला किंवा सत्कारातला फोटो मिळवायचा. त्यातल्या एका चेहऱ्याभोवती लाल गोल काढायचा. खाली ‘हाच तो का?’ असे ठोकून द्यायचे. शेवटी प्रश्नचिन्ह टाकले की आपण कायद्याच्या कचाट्यातून सुटलो, अशी या महाभागांची समजूत! ज्याच्या तोंडाभोवती तो गोल पडला, तो माणूस कदाचित केव्हाच मेलेला असतो. पण त्याची सून त्याच गावात नांदत असते, नातू त्याच गावच्या शाळेत जात असतो, नातीची सोयरीक चाललेली असते. मुलगी पाहायला आलेले पाहुणे एकमेकांकडे बघतात आणि ‘कळवतो’ म्हणून उठतात. पुन्हा कळवत नाहीत. हा निकाल कोणत्या कोर्टाने दिला? यावर अपील कुठे करायचे? मेलेल्या माणसाची अब्रू घेणे हासुद्धा, त्याच्या घरच्यांना दुखावण्याच्या हेतूने केले असेल तर, या देशात बदनामीचा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम 356 उघडून वाचा आणि मग लाल गोल काढा!

पैनगंगा ओलांडली की आम्हाला मराठवाडा लागतो. त्याच मराठवाड्यातल्या परभणी जिल्ह्यात, मानवत गावी, 1972 ते 1974 या काळात बायका आणि कोवळ्या मुली एकामागून एक मारल्या गेल्या. गुप्तधनासाठी आणि मूल व्हावे म्हणून नरबळी दिल्याचा आरोप झाला. रमाकांत कुलकर्णींसारखा नाणावलेला अधिकारी तपासाला उतरला, माफीचे साक्षीदार उभे राहिले, खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. काहींवर गुन्हा शाबीत झाला. पण ज्या दोघांना या सगळ्या कटाचे सूत्रधार म्हटले गेले होते, ते दोघे अखेर सुटले. 1977 साली सर्वोच्च न्यायालयात त्यावर शेवटचा शिक्का बसला. कारण साधे आणि कठोर आहे. माफीचा साक्षीदार हा स्वतः गुन्ह्यात हात बरबटलेला माणूस असतो. त्याच्या जबानीला स्वतंत्र पुराव्याची जोड मिळाल्याशिवाय कोणालाही फासावर देऊ नये, असा न्यायालयांचा दंडक आहे.

न्यायालयाने ज्यांना सोडले, त्यांना लोकांनी मात्र पन्नास वर्षांत सोडलेले नाही. 1981 मध्ये त्या प्रकरणावरून ‘आक्रीत’ चित्रपट निघाला, 2024 मध्ये वेब मालिका आली. कलावंतांशी आमचे भांडण नाही. आमचे भांडण आहे ते मालिका संपल्यावर उशीला टेकून ‘खरा सूत्रधार मला ठाऊक आहे’ म्हणणाऱ्या शहाण्यांशी. काय ठाऊक आहे तुम्हाला? पंचनामा पाहिलात? शवविच्छेदनाचा अहवाल वाचलात? साक्षीदारांची उलटतपासणी चाळलीत? सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कोणालाही वाचायला मिळतो. तो डोळ्यांखालून घालण्याचे कष्टही न घेता सुटलेल्या माणसांना पुन्हा वधस्तंभावर नेता, आणि त्याला संशोधन म्हणता?

संशयाची ही नजर कुणाकडे वळते, ते नीट बघा. पाटलाच्या वाड्याकडे ती सहसा वळत नाही. ती वळते गावकुसाबाहेरच्या पालाकडे. ती वळते पारध्याकडे, डवरी गोसाव्याकडे, एकट्या राहणाऱ्या विधवेकडे, जिच्यावर कोणी तरी कधी तरी करणी केल्याचा आळ घेतला त्या म्हातारीकडे. मानवत प्रकरणात ज्या बाईचे नाव घेऊन गावोगाव थुंकले गेले, ती पारधी होती, आणि ती निर्दोष सुटली, एवढे तरी लक्षात ठेवा. इंग्रजांनी 1871 साली कायदा करून अख्ख्या जमातींच्या कपाळी गुन्हेगारीचा डाग मारला. 31 ऑगस्ट 1952 ला स्वतंत्र भारताने तो कायदा पुसला. कायदा गेला, डोक्यातला डाग गेला नाही. आज गावात चोरी झाली की पोलीस आधी पारधी बेड्यावर जातात. उद्या हे हौशी लोक तीस वर्षांपूर्वीचा खूनही त्याच बेड्यावर नेऊन टाकतील.

हे घाबरवणे नव्हे. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात काय घडले? मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा मोबाइलवरून पसरली. आठवडी बाजारात आलेल्या पाच भिक्षेकऱ्यांवर लोकांना संशय आला. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ती माणसे, पोटासाठी सोलापूरकडून एवढ्या लांब आलेली. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांना ठेचून मारले. त्या जमावातही प्रत्येकाला वाटत होते की आपण गुन्हेगार पकडला! पुरावा कोणी मागितला नाही, नाव-गाव कोणी विचारले नाही. संशय हाच पुरावा ठरला. पुढे दोनच वर्षांत, एप्रिल 2020 मध्ये, पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक अशाच अफवेपायी मारले गेले. मोबाइलवर एखाद्याचा फोटो ‘संशयित’ म्हणून फिरवणारे आणि हातात दांडके घेतलेले यांच्यात अंतर किती, हे राईनपाड्याने दाखवून दिले आहे.

परदेशातली उदाहरणे हवीत? घ्या. लंडनमध्ये 1888 साली ‘जॅक द रिपर’ने पाच बायका मारल्या असे मानले जाते. आजवर शंभरावर माणसांना तो जॅक ठरवून झाले. राजघराण्यातला माणूस, डॉक्टर, चित्रकार, कोणी सुटला नाही. पुस्तकांचे ढीग लागले, खुन्याच्या नावाने पर्यटकांच्या फेऱ्या निघाल्या. आणि ज्या पाच बायकांचे गळे चिरले गेले, त्यांची नावे किती जणांना सांगता येतात? 2013 मध्ये बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले, तेव्हा घरबसल्या तपास करणाऱ्यांनी एका बेपत्ता भारतीय वंशाच्या विद्यार्थ्याला बॉम्बस्फोटवाला ठरवून टाकले. तो पोरगा त्याआधीच मरण पावलेला होता. मुलाचा ठावठिकाणा शोधत दिवस काढणाऱ्या आईबापांच्या दारावर शिव्याशाप येऊन आदळले. कोणाला शिक्षा झाली? कोणालाही नाही!

यावर एक उत्तर ठरलेले येते : पोलीस काही करत नाहीत, म्हणून आम्ही करतो. पोलीस करत नाहीत, हे आम्हीही ओरडून सांगतो! खून खरा, पण आरोपी सापडत नाही, असा शेरा मारून ‘अ समरी’चा कागद न्यायालयात टाकायचा आणि फाईल कपाटात ढकलायची, ही या राज्याच्या पोलीस ठाण्यांची जुनी रीत आहे. मुद्देमालाच्या खोलीत उंदीर लागतात, तपास अधिकाऱ्याची बदली होते, साक्षीदार म्हातारे होऊन मरतात. सरकारच्या या हलगर्जीपणाला आम्ही क्षमा करणार नाही. पण पोलिसाने झोपा काढल्या, त्याचा दंड शेजाऱ्याच्या अब्रूने का भरायचा?

डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या घरच्यांकडे बघा. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात ओंकारेश्वर पुलावर त्यांना गोळ्या घातल्या. सुरुवातीच्या तपासात पोलीस भलत्याच दिशेला भरकटले. त्यांची मुले हमीद आणि मुक्ता दाभोलकर यांनी चौकात उभे राहून कोणाच्या तोंडाला काळे फासले नाही. तपास सीबीआयकडे गेला, ते उच्च न्यायालयात गेले, वर्षानुवर्षे न्यायालयाची देखरेख राहिली. 10 मे 2024 ला दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले, आणि सूत्रधारापर्यंत तपास पोहोचला नाही याची नोंद खुद्द न्यायाधीशांनी केली. जवळजवळ अकरा वर्षे! बाप मारला गेलेल्या मुलांनी जी शिस्त पाळली, ती तुम्हाला अर्ध्या तासाच्या व्हिडिओपुरतीही पाळता येऊ नये?

आणि खरा शोध कसा असतो, तेही याच महाराष्ट्रात पाहायला मिळाले. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी ना पोलीस होते, ना वकील. माहिती अधिकारात अर्ज करून त्यांनी जमिनींच्या व्यवहारांचे कागद बाहेर काढले, तक्रारीखाली स्वतःचे नाव घातले, सही ठोकली. 13 जानेवारी 2010 ला सकाळी फिरायला गेले असता त्यांना कापून काढले. त्यांचा खून आजही तडीस गेलेला नाही. त्यांनी हवेत नावे फेकली नाहीत. कागद दाखवला आणि त्याची किंमत स्वतः मोजली.

आमच्या फुलसावंगीचे नाव ऑगस्ट 2021 मध्ये देशभर गेले ते एका तरुण कारागिरामुळे. त्याने स्वतःच्या हाताने हेलिकॉप्टर बांधले आणि चाचणी घेताना पाते तुटून त्याचा जीव गेला. चुकला असेल, पण आपल्या कल्पनेची परीक्षा त्याने स्वतःच्या डोक्यावर घेतली. हे हौशी न्यायाधीश आपल्या कल्पनेची परीक्षा दुसऱ्याच्या लेकराबाळांवर घेतात!

तेव्हा आमची मागणी स्पष्ट आहे. ज्याच्याजवळ जुन्या खुनाविषयी खरोखर काही आहे, त्याने पोलीस ठाण्यात जावे, जबाब द्यावा, त्याखाली सही करावी. ठाणेदार ऐकत नसेल तर पोलीस अधीक्षकांना लेखी द्यावे, तिथेही दाद मिळाली नाही तर न्यायालयाची पायरी चढावी. खुनाच्या तपासाला मुदत नसते. नवा पुरावा आला की पुढील तपास करण्याची सोय कायद्यात पूर्वीही होती, आजही आहे. यवतमाळसह प्रत्येक जिल्ह्यात ‘अ समरी’खाली पडलेल्या खुनांची यादी गृहखात्याने जाहीर करावी आणि मृताच्या घरच्यांना दरवर्षी लेखी कळवावे की तपास कुठवर आला. आणि ज्यांनी जबाब न देता, सही न करता लोकांच्या तोंडाभोवती लाल गोल काढून ठेवले आहेत, त्यांनी ते आजच्या आज पुसावेत आणि त्या घरांच्या उंबऱ्यावर जाऊन, चारचौघांदेखत, माफी मागावी.