श्रीवर्धन फिरवा, तोडू नका!

मराठी अक्षरं एकाखाली एक रचू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. (कॉन्व्हेंटवालीने हे सांगावं याचं हसू येत असेल, तर खुशाल हसा!)

निमित्त आहे आपल्या हॉस्टेलच्या मुलांनी मोबाईलसाठी केलेलं एस.टी.च्या वेळांचं पेज. वर गावांची नावं - अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन, म्हसळा, हरिहरेश्वर - आणि खाली वेळा. कॉलम '६.१५' मावेल एवढाच. मग नावं उभी केली, इंग्लिश बोर्डासारखी, अक्षराखाली अक्षर.

इंग्लिश अक्षरं मुळातच सुटी, त्यांचं काही बिघडत नाही. आपली शिरोरेषेला टांगलेली. 'श्रीवर्धन' तुम्हा-आम्हाला चार अक्षरं, पण कम्प्युटरच्या हिशेबात ती नऊ कॅरेक्टर्स. प्रोग्रामने एकेक सुटं केलं की वेलांटी ठिपक्यांच्या गोलाला धरून एकटीच उभी राहते आणि रफार उडतो. बाहेरगावच्या फर्स्ट इयरवाल्याने शनिवारची शेवटची गाडी शोधायची की कोडं सोडवायचं?

लायब्ररीत जाऊन जाड मराठी पुस्तकांचे कणे बघा. नाव अख्खंच्या अख्खं आडवं पाडलेलं असतं. सीएसएसमध्ये यासाठी रोटेट आहे. सफारीत ते २००८ मध्ये आलं, फायरफॉक्समध्ये २००९ मध्ये. इंटरनेट एक्सप्लोररला २०११ उजाडलं.

पण नुसतं ९० अंश रोटेट मारून भागत नाही. ब्राउजर आधी मजकूर सरळ मांडून जागा धरतो, मग फक्त दिसणं फिरवतो. धरलेली जागा आडवीच राहते, मेसमध्ये बॅग ठेवून अडवलेल्या बाकासारखी! कॉलम रुंदच्या रुंद, आणि नाव खालच्या वेळांवर जाऊन पडतं. त्यापेक्षा रायटिंग-मोड 'व्हर्टिकल-आरएल' करा. नाव उजवीकडे कलंडून वरून खाली वाचता येतं, जोडाक्षरं शाबूत राहतात आणि जागाही उभीच धरली जाते. खालून वर वाचायला हवं असेल तर त्यावर १८० अंशांचं रोटेट द्या. १८० अंशांत चौकट स्वतःच्याच जागेत फिरते, शेजाऱ्याच्या अंगावर जात नाही.

माझी रूम पार्टनर म्हणते, मान वाकडी करावी लागते. लागते थोडी. पण वाकड्या मानेने हरिहरेश्वर वाचता तरी येतं, तुकडे केल्यावर ताठ मानेनेही येत नाही.

टेक फेस्टच्या पेजवर लोगो गरागरा फिरवणाऱ्यांविषयी पुन्हा कधीतरी. पाहून काहींना खरंच घेरी येते, आणि मोबाईलच्या सेटिंगमध्ये हालचाल कमी केलेली असेल तर तसं ओळखायची सोय सीएसएसमध्ये आहे. ती वापरा, एवढंच.

पेजवाल्यांशी बोलणं झालंय. सबमिशन संपल्यावर बघू म्हणतात. तोपर्यंत श्रीवर्धनवाल्यांनो, डावीकडून तिसरा कॉलम.