लीगचा मोसम आणि आपले टेबल

पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले. मुंबईच्या मायकेल फरेरांनी तो मान तीनदा मिळवला. तरीही २०१७ मध्ये अहमदाबादेत स्नूकर-पूलची ‘इंडियन क्यू मास्टर्स लीग’ रंगली, तेव्हा पाच संघांत महाराष्ट्राचा एकही नव्हता. मला खंत संघाची नाही. संघ पैसे मोजून उभा राहतो. खेळाडू घडवावा लागतो. त्यासाठी बारा फुटी टेबल हवे, आणि ते बहुधा जिमखान्याच्या सभासदांपुरतेच असते. अजिंठ्याच्या शाळकरी पोराने क्यू हाती धरायचा कुठे? इथली लेणीही आश्रय होता तोवरच घडली. तो आटला आणि काही अर्धवट राहिली. जिल्ह्याच्या क्रीडा संकुलात टेबल आले, तरच लीगमध्ये आपली मुले दिसतील.