बोट लागते का, हे बुकिंगआधी विचारा

क्रूझच्या बुकिंग फॉर्मवर आपण बरेच काही विचारतो. जेवण जैन की शाकाहारी, पासपोर्टची मुदत कधीपर्यंत, पलंग जोडलेले हवेत की वेगळे, लग्नाचा वाढदिवस प्रवासात येतो का. घाटात गाडी लागते का, हा प्रश्न मात्र बहुतेक कार्यालयांच्या फॉर्मवर नाही. तो निघतो पैसे भरून झाल्यावर, निघण्याच्या आदल्या आठवड्यातल्या मीटिंगमध्ये, मागच्या रांगेतून कोणी हात वर करते तेव्हा. त्या वेळी आपल्यापाशी एकच उत्तर उरलेले असते: गोळी घ्या. दिवाळी-नाताळच्या सुट्ट्यांचे बुकिंग जोरात असताना व्यवसायातल्या सर्वांना आग्रहाने सांगायचे आहे ते हे, की बोट लागण्याचा बंदोबस्त औषधाच्या दुकानाच्या आधी आपल्या काउंटरवर होतो. कोणता समुद्र, कोणता महिना, किती रात्री आणि कोणत्या डेकवरची कोणती केबिन, हे निर्णय प्रवासी आपल्या सल्ल्याने घेतो, आणि त्याची मळमळ बऱ्याच अंशी तिथेच ठरून जाते.

प्रश्न कोणाला आणि कसा विचारायचा, यात खरी कसोटी आहे. बुकिंगला येतो तो मुलगा किंवा जावई. तो सांगतो, "आईला होतं थोडं, पण चालतं तिला." ज्यांना त्रास होतो त्या काकू घरी असतात, आणि समोर आल्या तरी नातवंडांच्या उत्साहावर पाणी पडायला नको म्हणून गप्प राहतात. "तुम्हाला बोट लागते का?" असे विचारले तर "मी कुठे बोटीत बसलेय कधी!" असे उत्तर मिळते, आणि ते खरेही असते. म्हणून घाटाचे विचारावे. आंबा घाटात, कुंभार्लीत एसटीने जाताना कसे वाटते? "तशी नाही लागत हो, पुढच्या सीटवर बसले की काही होत नाही." हे वाक्य ऐकले की समजावे, लागते. मोबाईल बघत किंवा वाचत गाडीत बसता येते का, अर्धशिशीचा त्रास आहे का, झोपाळ्यावर फार वेळ बसवते का, एवढे आणखी विचारले की पुरेसे चित्र हाती येते. मुलांचे वेगळे विचारायला हवे. दोन वर्षांखालच्या बाळांना सहसा त्रास होत नाही. साधारण सहा-सात ते बारा या वयात तो सर्वांत जास्त असतो, म्हणजे कुटुंब ज्या मुलांसाठी क्रूझवर निघते त्याच वयात. पुरुषांपेक्षा स्त्रियांना जास्त होतो, गरोदरपणात आणखी वाढतो.

उलट बाजूही ध्यानात ठेवावी. मालवणला स्नॉर्कलिंगच्या होडीत उलटी झाली किंवा अंदमानात हॅवलॉकच्या कॅटॅमरानमध्ये पिशवी हातात घेऊन बसावे लागले, म्हणून त्या माणसाने मोठ्या जहाजाचे नावच काढू नये, असे नाही. नांगरलेली लहान होडी, डिझेलचा वास, बंद काचांची वातानुकूलित केबिन हा त्रास वेगळ्या प्रतीचा असतो. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाऊन पाहण्याचा सल्ला काही जण देतात. सहल म्हणून छान आहे, पण तो बहुतेक प्रवास बंदराच्या आडोशाने होतो. त्यात काही झाले नाही म्हणून खुल्या समुद्राची खात्री मिळत नाही.

कारण थोडक्यात असे. अंतर्कर्ण शरीराला सांगतो की आपण हलतो आहोत. डोळ्यांना समोर दिसते ती केबिनची स्थिर भिंत. या दोन साक्षी जुळल्या नाहीत की मेंदू गोंधळतो. सगळ्यात वाईट असते ती संथ, वर-खाली होणारी हालचाल. साधारण ५ सेकंदांत एक हेलकावा, या गतीला मळमळ सर्वांत जास्त होते, हे प्रयोगांतून दिसलेले आहे. आधुनिक जहाजांच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात आणि आपल्या माहितीपत्रकांत त्यांचे कौतुक असते. ते जहाजाचे डावे-उजवे डोलणे कमी करतात, हे खरे. पुढचे टोक वर आणि मागचे खाली, ही हालचाल मात्र ते फारशी थांबवू शकत नाहीत. "हल्लीच्या बोटी हलतच नाहीत," असे ग्राहकाला सांगणे म्हणूनच चूक आहे, आणि ते आपण सर्रास सांगतो.

आता केबिन. २०० मीटर लांबीचे जहाज फक्त १ अंशाने पुढे-मागे झुकले, तर मध्यापासून १०० मीटरवर असलेले त्याचे टोक जवळजवळ पावणेदोन मीटर वर उचलले जाते आणि तेवढेच खाली येते. मध्यभागी असलेल्या केबिनला त्यातले फारसे काही जाणवत नाही. डोलण्याचेही तसेच: जितके उंच डेक तितका झोका मोठा. म्हणून ज्यांना लागते त्यांच्यासाठी केबिन लांबीच्या मध्यावर आणि खालच्या डेकवर हवी, हा नियम. पुढे प्रश्न येतो खिडकीचा. आतली केबिन स्वस्त असते, पण तिथे क्षितिज दिसत नाही. बाल्कनीत मोकळी हवा मिळते, क्षितिजही दिसते, पण बाल्कन्या वरच्या मजल्यांवर असतात. माझे मत असे की मध्यावरची, खालच्या डेकची, खिडकीची केबिन बोट लागणाऱ्यासाठी सर्वांत चांगली. ती नसेल तर मध्यावरची बाल्कनी, शक्य तितक्या खालच्या मजल्यावरची. पुढच्या टोकावरची कोणतीही केबिन, कितीही प्रशस्त असली तरी, नको.

इथे आपल्या उत्पन्नाचा प्रश्न येतो आणि तो टाळून चालणार नाही. वरच्या डेकवरचा स्वीट विकला की कमिशन जास्त. पण ज्या आजींना वरंध्यात दोनदा गाडी थांबवायला लावावी लागते त्यांना तो स्वीट विकू नये. तितकाच धोका दुसऱ्या टोकाला, स्वस्तातल्या 'गॅरंटी' भाड्यात आहे. या भाड्यात केबिनचा प्रकार निश्चित असतो, जागा जहाज कंपनी ठरवते आणि ती बऱ्याचदा अगदी शेवटी कळते. माणशी काही हजार वाचतात आणि कुटुंब थेट पुढच्या टोकाला जाते. चौघांचे कुटुंब असेल तर आणखी अडचण: तीन-चार पलंगांच्या मध्यावरच्या केबिन मोजक्या असतात आणि सर्वांत आधी संपतात. लवकर बुकिंग करा, असे आपण सवलतीसाठी सांगतो. या कुटुंबांना ते केबिनसाठी सांगायला हवे. ग्रुपसाठी घेतलेल्या केबिन वाटताना आडनावांच्या क्रमाने वाटू नका. डेक प्लॅन टेबलावर पसरा आणि आधी ज्यांना लागते त्यांना मधल्या खोल्या द्या. भिंतीतून उघडणारा वरचा पलंग मुलांना हवाहवासा वाटतो, पण ज्या मुलाला लागते त्याला खालीच झोपवायला सांगा.

समुद्र आणि महिना यांबद्दल आपले अज्ञान जास्त आहे. पावसाळ्यात बोटी बंद ठेवण्याची कोकणची जुनी शिस्त होती, त्यामुळे अरबी समुद्राबद्दल निदान जून ते सप्टेंबर एवढे तरी सर्वांना ठाऊक असते. मुंबईहून गोवा-लक्षद्वीपच्या फेऱ्यांसाठी नोव्हेंबर ते मार्च हा काळ सर्वसाधारणपणे शांत. मे महिना उकाड्याचा तसाच चक्रीवादळांचाही, मे २०२१मधले तौक्ते कोणी विसरलेले नाही. लक्षद्वीपचे आणखी एक सांगायला हवे. तिथे जहाज बाहेर समुद्रात उभे राहते आणि प्रवाशांना लहान बोटीत उतरून बेटावर न्यावे लागते. जहाजावर ज्याला काही झाले नाही तो या पंधरा-वीस मिनिटांत आडवा होतो. कोणत्या बंदरात धक्क्याला लागते आणि कुठे टेंडर बोट, हे प्रवासपत्रिकेत छापलेले असते. ते वाचून सांगणे आपले काम आहे.

पहिल्यांदा क्रूझवर जाणाऱ्या, लागण्याची धास्ती असलेल्या कुटुंबाला मी सिंगापूर सुचवीन. सिंगापूर ते पिनांग हा रस्ता मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जातो. एका बाजूला सुमात्रा, दुसऱ्या बाजूला मलेशिया, त्यामुळे लाटांना वाढायला जागा नाही. मात्र तीच सफर फुकेतपर्यंत जात असेल तर पुढे अंदमानचा उघडा समुद्र लागतो आणि मेच्या मध्यापासून तिथे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांची लाट सुरू होते. शाळेच्या सुट्टीत, मेच्या शेवटच्या आठवड्यात जाणाऱ्यांना हा फरक माहीत असायला हवा. दुबईहून निघणाऱ्या हिवाळी क्रूझ आखातातल्या उथळ, बऱ्याच अंशी बंदिस्त पाण्यात फिरतात. भूमध्य समुद्र मे ते सप्टेंबर बहुतेक शांत, पण बार्सिलोना आणि मार्सेय यांच्या मधल्या आखातात मिस्त्राल वारा हिवाळ्यात आणि वसंतात चांगलाच त्रास देतो, आणि ग्रीक बेटांवर जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी. अलास्कात इनसाइड पॅसेजचा मार्ग बेटांच्या आडोशाने जातो. पण सफर सीवर्ड किंवा व्हिटियरला संपणारी असेल तर अलास्काचे खुले आखात ओलांडावेच लागते. आता आपल्याकडून अंटार्क्टिकालाही ज्येष्ठ नागरिक जातात. उशुआयाहून जाता-येता ड्रेक पॅसेजचे साधारण दोन-दोन दिवस आहेत, आणि पुंता अरेनासहून विमानाने किंग जॉर्ज बेटावर उतरून जहाज पकडण्याचा पर्यायही आहे. तो महाग आहे. तरीही तो न सांगता पैसे घेणे मला गैर वाटते.

किती रात्री, याबद्दल एक रूढ सल्ला तपासून पाहायला हवा. "आधी दोन रात्रींची मुंबई-गोवा करून बघा" असे आपण म्हणतो. शरीराला समुद्राची सवय व्हायला साधारण दोन ते तीन दिवस लागतात. दोन रात्रींची सफर सवय होण्याआधीच संपते आणि कुटुंबाच्या मनात कायमचे बसते की क्रूझ आपल्याला झेपत नाही. बोट लागणाऱ्यासाठी पाहायचे असते ते समुद्रावरच्या सलग दिवसांचे प्रमाण. रात्री जहाज चालते, सकाळी बंदर, अशी सहा-सात रात्रींची सफर त्यांना सोपी जाते, कारण आडवे पडून झोपेत हेलकावे सोसतात.

औषधांबद्दल आपण डॉक्टर नाही, हे लक्षात ठेवून बोलावे आणि ऑफिसच्या ड्रॉवरमधून गोळ्या वाटू नयेत. पण दोन-तीन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. आपल्याकडे उलटीची गोळी म्हणून घरोघरी ऑन्डान्सेट्रॉन असते. पोटाच्या तक्रारीत ती चालते, पण प्रवासातली मळमळ टाळण्यात तिचा फारसा उपयोग दिसलेला नाही. त्यासाठीची औषधे वेगळी: प्रोमेथाझिन (ॲव्होमिन), सिनारिझिन, डायमेनहायड्रिनेट, मेक्लिझिन. ती त्रास सुरू होण्याआधी घ्यायची असतात आणि बहुतेकांनी झोप येते. प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या मुलांना द्यायचे नसते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्या आजोबांनी यातले काहीही डॉक्टरांना न विचारता घेऊ नये. म्हणून फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन या, एवढे लेखी द्या. आणखी एक, अगदी आपल्या कामातले: टर्मिनलवर हमाल मोठ्या बॅगा घेऊन जातात आणि त्या केबिनच्या दाराशी येतात संध्याकाळी, अनेकदा जहाज सुटल्यावर. गोळ्या हातातल्या पर्समध्ये हव्यात. आलेपाक जवळ ठेवायला हरकत नाही. आल्याने काहींना बरे वाटते, पण त्याच्या भरवशावर राहू नये.

टूर मॅनेजरांनी पहिल्या संध्याकाळी जागे राहावे. थिएटर बहुतेक जहाजांत पुढच्या टोकाला असते, वरचा लाउंजही तिकडेच, आणि आपण नेमका तिथेच ओळखीचा कार्यक्रम ठेवतो. तो मध्यावरच्या हॉलमध्ये घ्या. बुफेवर पहिल्या रात्री सगळे तुटून पडतात. लागणाऱ्यांना सांगा की पोट रिकामेही ठेवू नका आणि तडस लागेपर्यंत खाऊ नका, थोडा भात, टोस्ट, एखादे सफरचंद बस. त्रास उलटीने सुरू होत नाही. बडबडे मूल अचानक गप्प होते, जांभया देऊ लागते, चेहरा उतरतो, कपाळावर गार घाम येतो. त्या क्षणी हातातला मोबाईल काढून घेऊन त्याला उघड्या डेकवर, मध्यभागी न्यावे आणि क्षितिजाकडे बघायला सांगावे. बंद केबिनमध्ये "पड जरा" म्हणून पाठवायचे तर डोळे मिटून उताणे पडायला सांगावे. जिन्याच्या कठड्याला कागदी पिशव्या अडकवलेल्या दिसल्या, की समजावे कर्मचाऱ्यांना पुढच्या हवामानाची सूचना मिळाली आहे. आपल्या लोकांना तेव्हाच सावध करावे. उलट्यांबरोबर जुलाब किंवा ताप असेल तर ते बोट लागणे नव्हे. तो संसर्ग असू शकतो, आणि लगेच जहाजाच्या दवाखान्यात कळवायला हवे. तिथली फी भरमसाट असते, म्हणून लोक लपवतात. प्रवास विम्यात ती बसते का, हे निघण्याआधीच पाहून सांगा. मध्येच एखाद्या बंदरावर उतरून घरी येऊ, असे वाटते तितके सोपे नाही: व्हिसा, जहाज कंपनीची परवानगी, स्वतःचे विमानभाडे, आणि उरलेल्या दिवसांचा परतावा सहसा शून्य.

आणि काही कुटुंबांना क्रूझ विकूच नये. ज्या बाईंना आंबोलीला जाऊन येईपर्यंत दोन दिवस अन्न जात नाही, त्यांना सात रात्री समुद्रावर ठेवून नातवंडांचीही सुट्टी वाया जाते. त्यांना पाणी हवे असेल तर स्थिर पाणी द्या. वेंबनाडवरची हाउसबोट आहे. व्हिएतनाममध्ये हालोंगच्या आखातात चुनखडीच्या शेकडो बेटांच्या आडोशाने एका रात्रीची बोट मिळते. युरोपात ऱ्हाइन आणि डॅन्यूबवरच्या जहाजांत समुद्राच्या लाटेचा प्रश्नच नाही, आणि रोज नवे गाव दिसते. नॉर्वेचे फ्योर्ड बघायचे असतील तर बर्गनपर्यंत विमानाने, पुढे रेल्वेने फ्लॉमला आणि तिथून गुडवांगेनपर्यंत दोन तासांची बोट. उत्तर समुद्र ओलांडावा लागत नाही, आणि डोंगरांच्या मधले ते निश्चल पाणी आजींना डेकवर खुर्ची टाकून पाहता येते.